दुसरी डिस्क

कुडाळच्या एस.टी. स्टँडसमोर मिळाली,
बाराशे नव्व्याण्णवला, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात.
दोन डिस्का, वर सोनेरी अक्षरांत 'विशेष आवृत्ती',
आणि पुस्तिकेच्या नवव्या पानावर
आमच्या तळाशीलचं 'तळशिला, गोवा' झालेलं.
तिथेच ओळखायला हवं होतं.

पण चित्र लावलं आणि बोलती बंद झाली.
एवढा स्वच्छ समुद्र तळाशीलकरांनीही बघितलेला नाही.
लहानपणी आचऱ्याला तंबूत बघितला तेव्हा
भर उन्हातल्या प्रसंगातही पडद्यावर रेघा कोसळायच्या,
तिसऱ्या रिळात नायिका वाक्य अर्धं टाकून
थेट दुसऱ्या दिवशी सकाळी उठायची.
आम्हाला वाटायचं, सिनेमा असाच असतो.
आता रेघ नाही, ओरखडा नाही,
माडाचं पात न् पात मोजून घ्यावं.
गाज मात्र गेली.
खरखर समजून काढली असणार.
नायिका किनाऱ्यावर रडते ती बंद खोलीत रडल्यासारखी,
मागे लाटा फुटतात, तोंड मिटून.

आये खाटेवर बसून बघत होती.
मोतीबिंदू काढून तिसरा आठवडा, काळा चष्मा.
होडीचा प्रसंग आला.
पाठमोरी, हिरव्या लुगड्यात, नायिका एकटी खाडी ओलांडते.
ती नायिका नव्हे. तिला पाण्याची भीती,
अख्ख्या वाडीला ठाऊक.
ती द्वारकी खवणेकर, वय तेवीस,
पाच रुपये रोज
आणि लुगडं परत करायच्या बोलीवर.

"थांबव."
थांबवलं.
"ह्यो हात माझो. पण गोंदाण खंय गेला?"

एकेक फ्रेम पुढे सरकवली.
एकीत मनगटावर तुळस होती.
पुढच्या तीनांत नव्हती.
मग अर्धीच, वृंदावनाशिवाय,
मग पुन्हा कोरं मनगट.
यंत्राला तो डाग वाटला,
धूळ, नाहीतर रिळावर बसलेली माशी.
डाग पुसायचेच तर पैसे मोजले होते कुणीतरी,
त्याने इमानेइतबारे पुसले.

एक बटण दाबलं की चित्रावर दिग्दर्शक बोलतो.
आवाज थकलाय बिचाऱ्याचा.
म्हणतो, चार दिवसांत वल्हवायला शिकली ती, काय मेहनत!
आयेने ऐकलं की नाही, कळलं नाही.
वल्ह्यावरची मूठ तेवढी बघत होती.
"भरती लागलेली," म्हणाली,
"तो म्हणालो जा, मी गेलंय."

दुसरी डिस्क रात्री, जेवणं उरकल्यावर.
गाळलेली दृश्यं, सतरा मिनिटं.
ह्यांच्यावर कुणी दमडी खर्च केलेली नाही.
रंग विटलेला, वरच्या कडेला आकडे पळतायत,
डावीकडे जळल्याचा तपकिरी डाग, आवाज मुळीच नाही.
होडी काठाला लागते.
कॅमेरा बंद करायचं कुणीतरी विसरलंय.
ती वळते.
मनगटाने कपाळावरचा घाम पुसते,
तुळस अख्खी, वृंदावनासकट,
आणि आमच्याकडे बघून, म्हणजे तिथे जो कोण उभा असेल त्याच्याकडे,
काहीतरी ओरडते.

दोनदा मागे नेऊन ओठ बघितले.
आयेला आठवेना.
काळा चष्मा काढला, पुन्हा घातला.
"पदर भिजलो, ताच सांगत असतलंय.
लुगडां परत देवचा होता मा."