उणे चाळीस

भोसरीत, टी ब्लॉकमध्ये, मे महिन्याची दुपार.
पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन,
आणि आत, थंड पेटीत, उणे चाळीस.
या एका आकड्यावर म्हणे दोन्ही मापं एक होतात,
सेल्सियस आणि फॅरनहाइट,
भांडलेल्या जावा एकाच पायरीवर टेकाव्यात तशी.
पेटीचं दार उघडलं की धुकं वर जात नाही,
माझ्या चपलांवर सांडतं.

दूर उत्तरेला एक देश आहे.
त्याच्या समुद्रावर वर्षातले कितीतरी महिने झाकण असतं.
त्यांच्या जुन्या पाणबुड्या थकल्या, आता आठ नव्या घ्यायच्यात,
डिझेल-बॅटरीवरच्या.
अणूवरच्या का नकोत, परवडत नाहीत की झेपत नाहीत,
ते आमच्यापर्यंत आलेल्या कागदांत नाही.
शर्यतीत दोन कारखाने, आणि दोघेही आमचे गिऱ्हाईक.
निळी फाईल, पिवळी फाईल.
हॅचच्या रिंगचं रबर एकच, साचे दोन.
घारपुरे साहेब म्हणतात,
"लग्न कुणाचंही लागो, अक्षता आपल्याच."

डिझेलची पाणबुडी म्हणजे दम धरून मारलेली बुडी.
आमच्या आळ्याच्या विहिरीत मी अशीच शिकले,
पाठीला सुका भोपळा,
काठावर बाबूकाका मोठ्यानं आकडे मोजतोय.
मग एक दिवस भोपळा सोडायचा,
तळाची माती मुठीत आणायची, पुरावा म्हणून,
आणि वर यायचं.
वर हवा असते, हे कुणाला शिकवावं लागत नाही.
पण वर बर्फ असेल,
तर वर म्हणजे कुठे?

खरेदी करणाऱ्यांचे प्रश्न एकशे बारा.
किती दिवस आत राहील, किती आवाज करील,
बर्फ हातभर असेल तर फोडील का,
पुरुषभर असेल तर मोकळं पाणी किती लांब.
प्रश्न एकसष्ट: झाकण अडकलं तर माणसं कुठून निघतील?
निळ्यांनी तीन पानं लिहिलीत.
पिवळ्यांनी आकृती काढलीय, सुरेख,
तिच्यात माणसं नाहीत.
मला कुणी विचारलेलं नाही.
विचारलं असतं तर मी एवढंच मोजलं असतं,
कुणाच्या उत्तरात 'साधारणपणे' कमी वेळा आलंय.

बहात्तर तास दाबून ठेवलेला नमुना आज उघडला.
काळा, पेढ्याएवढा.
दाब सुटला की रबरानं उठून उभं राहायचं असतं.
पंचवीस टक्के बसकण चालते.
आमचा सत्तावीसवर बसला तो बसलाच.
मी पुन्हा मोजला.
जुलेखा मुजावरनं तिच्या गेजनं मोजला.
सत्तावीस.

शुक्रवारी निविदा बंद.
साहेब आले, चष्मा कपाळावर.
"अगं, समुद्राचं पाणी कुठे उणे चाळीस असतं?
उणे दोनलाच गोठतं ते."
खरं होतं त्यांचं.
पण पाणबुडी वर येते, झाकण उघडतं,
वाऱ्यात उघडंच राहतं कुणी सिग्रेट संपवेपर्यंत,
आणि मग पुन्हा बुडी.
हे मी बोलले नाही.
दुसरा नमुना चिमट्यानं पेटीतून काढला
आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

चपटा होता. गार.
साहेब हात झटकणार होते, झटकला नाही.
त्यांच्या उबेनं तो हळूहळू फुगत गेला,
तव्यावर विसरलेली भाकरी फुगते तसा.
बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, माझ्याशी नाही,
"तिथं हात कुणाचा?"

मी निळ्या फाईलमध्ये सत्तावीस लिहिलं,
पिवळ्या फाईलमध्ये सत्तावीस लिहिलं.
जुलेखानं सही केली, तिची सही फार लांब आहे.
आता रबर बदलायचं, नाहीतर ऑर्डर जायची.
मोल्डिंगवाल्या पोरांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

नाशिक फाट्याला बस येईना.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
मी उगाच मोजायला लागले, बाबूकाकासारखी,
एक्केचाळीस, बेचाळीस,
कुणीतरी अजून वर आलेलं नाही.