तीनदा पाणी

डिंगशीत त्या वर्षी
टाक्याच्या तळाला बादली आपटायची.
ज्योतिषी म्हणाला, पोरीच्या पत्रिकेत पाणी नाही.
बाबांनी मग कागदावर पाणी लिहिलं, तीनदा,
एकाच्या खांद्याखाली दोन:
मियाओ. अथांग जळ.

बारा रेघा. वहीच्या चौकटीत मावायच्या नाहीत.

आईला अक्षर येत नव्हतं.
तिच्या बोलीत सूर किंचित चढायचा
आणि हाकेसरशी मी रोप व्हायचे.
चाळीस वर्षं ती रोपालाच बोलावत होती.

इथे श्यामेनला, समुद्राकाठच्या कारखान्यात,
मी नुसती लुओ. आडनावापुरती.

काल फोनवर तिनं विचारलं,
जेवलीस का, मियाओ?
तोच चढा सूर.
दुरुस्त नाही केला.

बाबांचं पाणी
कुठंतरी मुरायलाच हवं होतं.