मागचं लेबल

पावण्याच्या बाँडेड गोदामात
माझं काम बाटलीच्या पाठीवर चालतं.
पुढे सोनेरी अक्षरं, द्राक्षाचा घड, ते त्यांचं.
मागे माझा पांढरा स्टिकर:
आयातदार अमुक, परवाना तमुक,
कमाल किंमत सर्व करांसहित,
मद्यपान आरोग्यास हानिकारक.
दिवसाला नऊशे. संध्याकाळी अंगठा गुळगुळीत,
फोन ओळखत नाही.

शिजू सर म्हणतात, बारकोड सोडून कुठेही लाव,
त्यांची कहाणी कोण वाचतंय इथे.

रेहानाने वाचली. जेवणाच्या सुट्टीत,
सुकटीच्या चटणीचा हात लांब धरून:
डॅल्विग कुटुंब, दक्षिण ऑस्ट्रेलिया.
पाच पिढ्या, एकच टेकडी.
शिराझच्या वेली पणजोबांनी लावलेल्या,
छाटणी अजून घरातलेच करतात,
वाइन आता थोरली लेक बघते, एल्स्पेथ.
कुत्र्याचंसुद्धा नाव होतं. मफिन.
आणि शेवटी:
आमच्या वाइनमध्ये तुम्हाला आमची माती लागेल.
लागेल म्हणजे जिभेला गं, रेहाना म्हणाली.
मला आधी वाटलं, दाताखाली. कचकच.

तेव्हापासून मी पुढची बाजूही बघते.
दर चार-पाच पेट्यांनंतर
एखादं लेबल कलतं असतं,
डावीकडून दोराभर खाली.
मशीन असं चुकत नाही,
मशीन चुकलं की सगळंच चुकतं.
हे हात आहेत. दुपारचे, जेवल्यानंतरचे.
कुणी काहीतरी बोललं असेल, ती हसली असेल.
एका लेबलाच्या डिंकात अख्खं बोट उमटलंय.
त्यावर माझं ठेवून पाहिलं.
तिचं रुंद आहे.

मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते.
हे गोदाम उभं आहे
ते पोशा कान्हा घरत यांचं खाजण.
माझ्या बाबांचे बाबा.
जुन्या सातबाऱ्यावर नाव आहे,
झेरॉक्सची झेरॉक्स, 'कान्हा'चा काना गेलेला.
भरतीला उघाडी पाडायची, ओहोटीला उचलायची.
बांध फुटला तर रात्री अख्खा गाव चिखलात,
कुणाचा बांध, हे सकाळी.
तांदूळ लाल, खारं पाणी सोसणारा.
त्याची पेज गुलाबी व्हायची म्हणे.
मी पाहिलेली नाही.
पिढ्या किती, कुणी मोजल्या नाहीत.
मोजून कुठे लिहायच्या होत्या?
मग एमआयडीसीची माणसं साखळी टाकत आली
आणि त्यांनी मात्र नीट मोजलं.

काल एक बाटली फुटली.
निसटली म्हणते सगळ्यांना. माझ्याच हातून.
फरशी जांभळी,
झाडाखाली जांभळं तुडवावीत तशी.
वास आला मिरीचा, भिजल्या लाकडाचा,
शाळेतल्या शाईचा.
शिजू सरांनी ब्रेकेज रजिस्टरात लिहिलं: नग एक.
ते वळले तेव्हा
मी करंगळी टेकवली, जिभेला लावली.

खारट.

रेहाना म्हणते, तुझी करंगळीच खारट,
मे महिना, पंखा बंद, घाम.
असेल.
बादली ओतली, खराट्याने लोटलं,
पाणी नाल्याकडे गेलं, नाला खाडीकडे,
उघाडी जिथे होती म्हणतात
साधारण तिथून.

आजपासून मी स्टिकर दोन बोटं खाली लावते.
किंमत दिसते, इशारा दिसतो,
वर एल्स्पेथ दिसते, मफिनसकट.
सरांच्या लक्षात आलेलं नाही.
गुरुवारी न्हाव्यातून दुसरा कंटेनर सुटतोय.
बाराशे पाठी.
बघू, ते बोट पुन्हा सापडतंय का.