काणी

रे रोडच्या गोदामांमागे, दुसऱ्या मजल्यावर
मी जवाचं बियाणं तपासते.
जवाचं शेत अजून पाहिलेलं नाही.

पोतं येतं राजस्थानातून.
दाणे भरलेले, पिवळे, टणक;
व्यापारी मुठीतून ओघळू देत म्हणतो, एक नंबर.
काणी अशाच दाण्यातून येते.
तिला ठिपका नाही, वास नाही,
दाण्याच्या गर्भात दोऱ्यासारखी निजलेली.
कणीस बाहेर पडतं त्या सकाळी कळतं :
दाण्यांच्या जागी काजळ.

मी रात्रभर कॉस्टिकमध्ये दाणे ठेवते,
गर्भ सुटे करते, निळा रंग देते,
भिंगाखाली मोजते. शंभरात नऊ.
डाबरे मॅडम म्हणाल्या, औषध चोळूनच पेरा, असं लिही.
मग चष्मा पुसत :
औषधाआधी एक रीत होती. मे महिना लागतो.

मेच होता.
आठ वाजता दाणे गार पाण्यात. बारापर्यंत.
भिजलं की बी जागं होतं, बुरशीही होते;
मग दोघांना उन्हात टाकायचं.
निजलेली ती मरत नाही.

गच्चीवर तांडेल आला, आमचा शिपाई, शिवडीचा.
ताडपत्रीवरची माझी रास बघून त्याला राहवेना.
"एवढा जाड थर? जवळा असा सुकवतात काय, मॅडम?"
उकिडवा बसला,
बोटांनी दाणा दाण्यापासून सोडवत गेला,
पाऊण तासाने खालचं वर,
मधेच कबुतरांना शिव्या.
चारला एक दाणा दाताखाली धरला :
"वाजला."

मला खात्री नव्हती.
आमचं ऊन घामट, कोरडं भाजत नाही.
म्हणून नोव्हेंबरात खिडकीत बारा कुंड्या,
साठ रोपं.

जानेवारीत पहिलं कणीस आलं,
बाकीच्यांच्या दोन दिवस आधी.
काळं.

पंखा बंद केला. खिडकी लावून घेतली.
तांडेलने वाण्याची कागदी पिशवी आणली.
श्वास रोखून मी ती वरून उतरवली,
तोंड आवळलं,
मग कात्री.
रोप मुळासकट उपटून त्याने पिशवीसह
मागच्या पत्र्याच्या डब्यात जाळलं.

बाहेर गोदामं, क्रेन, खाडीचा चिखल,
चिखलात मान घातलेले रोहित.
इथून किती कोसांवर जवाचं शेत असेल
मला माहीत नाही.
दोनदा हात धुतले,
मग खिडकी उघडली.

एकोणसाठ अजून पोटरीत होती.