साठ पौंडांत

हेरंबने तक्ता केला: पाच यंत्रं, सात रकाने.
स्क्रीन किती इंची, नकाशे वर्षभर फुकट की कायमचे,
आवाज बाईचा की बुवाचा.
वर लाल अक्षरांत: साठ पौंडांच्या आत.
माझा रकाना एकच होता, तो त्याने घातलाच नव्हता.
काउडन शील सापडतं का?

काउडन शील म्हणजे एक घर, मेंढ्यांचे दोन कोंडवाडे
आणि एडना डॉडबाईंचे दोन पाय,
ज्यांची नखं मी दर सहा आठवड्यांनी कापते.
मी पायांची डॉक्टरीण. दवाखाना हेक्समला,
पण जे पाय दवाखान्यापर्यंत येत नाहीत
त्यांच्यापर्यंत आपण जायचं, अशी ही नोकरी.
डोंगर सुरू झाले की मोबाइल मुका होतो.
एका पोस्टकोडात पाच मैल आणि चार शेतं.
गेल्या नोव्हेंबरात त्या पोस्टकोडाने मला
फुगलेल्या ओढ्याकाठी नेऊन उभं केलं
आणि गोड आवाजात सांगितलं, तुम्ही पोहोचलात.
वाट लागली, मी मोठ्याने म्हणाले.
ऐकायला एक मेंढी होती.

दुकानातला पोरगा सालस. म्हणाला, हवं ते टाइप करून बघा.
पंचेचाळीसवालं: लंडनची बोळनबोळ पाठ,
आमच्याकडे आलं की हिरवं, पुढे हिरवं,
आणि त्या हिरव्यात बाण, म्हणजे मी.
एकशे एकोणीसवालं: सेहेचाळीस देश.
मला लक्झेंबर्ग नको होतं हो.
काउडन शील लिहिलं, तर उलट मलाच विचारलं,
काउडनबीथ म्हणायचंय का? ते स्कॉटलंडात.
शिवाय बेलिंजमला ते बेलिंगहॅम म्हणालं,
तेव्हा पोरगाही खाली बघून हसला.

विल्फ चार्लटनचा अंगठा माझ्या मांडीवर होता
तेव्हा ही हकिगत निघाली.
एकतीस वर्षं त्याने गुरांच्या खाद्याचा ट्रक चालवला.
माझं घेऊन जा, म्हणाला, आता मी फक्त परसापर्यंत जातो.
तीस पौंड. नाहीतर दोन वेळची नखं फुकट.
नखं नियमात बसत नव्हती. तीस पौंड दिले.

काचेवर ओरखडा. चिकटायची टोपी थुंकी लावल्याशिवाय चिकटत नाही.
नकाशे नऊ वर्षांचे जुने; हेक्समचा नवा चौक
त्याच्या लेखी अजून गवत आहे.
पण डोंगरात शिरले आणि पडद्यावर
विल्फने स्वतः रोवलेल्या खुणा उगवू लागल्या:
डॉड. दुसरं गेट. पहिलं नाही.
कुत्रा. काच वर.
ओढा. रात्री पाऊस झाला असेल तर मागे फीर.
इथे चहा विचारतात. नाही म्हणू नये.
आणि एका चढावर, घर नाही, गेट नाही,
नुसतं: थांब.

पहिल्यांदा थांबले. वारा होता.
दुसऱ्यांदा थांबले, जरा घाबरत; कुणाचं काही इथे झालं असेल,
विचारायला नको, असं स्वतःलाच बजावलं.
तिसऱ्यांदा भूक लागली होती म्हणून थांबले,
पोळीची गुंडाळी उघडली,
आणि शेजारच्या सीटवर फोन थरथरला.
दोन रेघा. अख्ख्या खोऱ्यात इथेच.
हेरंबचे तीन निरोप:
तक्त्यातलं चौथं यंत्र आता एकोणसाठला.
मागवू?
पोहोचलीस का?

पोहोचले, लिहिलं. अजून दोन मैल होते.

परवा यंत्राने विचारलं, नकाशे नवे करायचे का?
जतन केलेली ठिकाणं पुसली जाऊ शकतात.
खाली दोन चौकोन: हो, नंतर.
बोटाला अजून डॉडबाईंच्या मलमाचा वास होता.
नंतर दाबलं.
दर सोमवारी विचारतं ते. दर सोमवारी दाबते.