डोमिसाईल

तहसीलदाराच्या सहीचा कागद नव्हे, दस्तूर सर म्हणाले,
रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला जोडला की मिळतो तो.
हे वेगळं.
हे माणसाच्या मनात असतं
आणि तरी कोर्टात सिद्ध करावं लागतं.

फोर्टात, पहिला मजला, एलएलएमचं दुसरं सेमिस्टर,
खासगी आंतरराष्ट्रीय कायदा, साडेपाच ते सात.
आम्ही नऊ जण. चौघे दिवसभर तारखा घेऊन आलेले,
काळे कोट बाकाच्या पाठीवर वाळत.
माझ्यापुढे झेरॉक्स, कुणीतरी आधीच पिवळं केलेलं,
नेमक्या नको त्या ओळी.

नियम तसा सोपा.
जन्मताच एक अधिवास चिकटतो, बापाचा.
दुसरा निवडता येतो, पण नुसतं जाऊन राहणं पुरत नाही,
तिथेच कायम राहायचा हेतू लागतो.
तो नसेल तर माणूस कितीही वर्षं राहो,
कायद्याच्या लेखी हललेलाच नाही.

घरी, बेहराम बागेत, अब्बा शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसलेले.
मनगटावर अजून मस्कतची वेळ, दीड तास मागे.
सव्वीस वर्षं, एसीच्या डक्टमध्ये अर्धं अंग घालून.
मी विचारलं, उदाहरणापुरतंच,
तिकडे कायमचं राहायचं होतं का तुम्हाला?
दातांत स्क्रू होता. तो काढला.
कायमचं? अगं, मी तर दर वर्षी
पुढच्या ईदला परत येणार होतो.

जमलं. वहीत लिहिलं:
हेतूचा अभाव. मूळ अधिवास अबाधित.
दहापैकी आठ तरी नक्की.

अम्मी तांदूळ निवडत होती. म्हणाली, काय लिहिलंस ते वाच.
वाचलं. मग साध्या भाषेत सांगितलं, सावकाश,
की कायद्याने बघितलं तर
अब्बा इथून कधी गेलेच नाहीत.

तिने एक खडा उचलून ताटाच्या कडेला ठेवला.
तुझ्या वेळेस ऑपरेशनच्या फॉर्मवर, ती म्हणाली,
नवऱ्याच्या जागी सही कुणी केली होती,
तेही लिही.

अब्बांनी झाकण बसवलं,
बटण दाबून मिक्सर चालवून पाहिला.
भांडं रिकामं.
तरी बराच वेळ चालू ठेवला.