सव्वीस इंच

पलंग आणि कपाट यांच्यामध्ये
सव्वीस इंच.
साइटवरची टेप दोनदा धरली,
दुसऱ्यांदा जरा ओढून.
तरी सव्वीसच.

रुवीच्या दुकानात पाळणे होते
चाकांचे, जाळीचे, आपोआप झुलणारे.
हा घ्या, म्हणाला दुकानदार, पाच वर्षं बघायला नको.
व्हिसा तर दोनच वर्षांचा.
मृण्मयी काही न बोलता
एकेकाची बाजू खाली पाडून बघत होती.
सिझेरियनची तारीख मिळालीय,
मग वाकता येणार नाही,
रात्री नुसता हात सरकवला
की बाळ लागायला हवं.

शेवटी घेतला अल खुवैरहून, जुना,
मनिलाला कायमची परतणाऱ्या एका नर्सकडून.
कठड्यावर बारीक दातांचे व्रण.
पॉलिश पेपरने घासून देऊ? तिने विचारलं.
मृण्मयीने त्यावरून बोट फिरवलं.
असू दे, म्हणाली.

घरी मोजला, तर सत्तावीस!
मग कपाट गेलं पॅसेजमध्ये,
आणि त्याच्यावरच्या दोन सुटकेस,
सहा वर्षं अर्ध्या भरलेल्या.

आता एसीच्या घरघरीत
तीन श्वास, एकाच उंचीवर.
मी भिंतीच्या बाजूला.
माझा हात तिथवर पुरत नाही,
ऐकत राहतो.